कान्हेरीची पोढी पाहून या



भाताची झोडणी आटोपली, की एक दिवस मुलाबाळांसह कान्हेरीच्या डोंगरात जाऊन या. चौकहून भाईंदर गाठावे, गाडीने बोरिवलीला उतरावे. पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आहे. लेणी फाटकापासून सुमारे सहा किलोमीटर आत. सोमवारी मात्र जाऊ नये, त्या दिवशी बंद असते.

काळ्या कातळात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे येथे बौद्ध भिक्षूंचा राबता होता. तिसऱ्या लेण्यातला चैत्य सातवाहनांच्या काळातला. त्याच्या ओसरीत बुद्धाच्या सुमारे ७ मीटर उंचीच्या दोन मूर्ती उभ्या आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी येथे दाने दिली. कुणी शेतही दिले, त्याच्या उत्पन्नातून भिक्षूंना वस्त्रे मिळावीत म्हणून!

भिक्षू एरवी गावोगाव फिरत, पावसाळ्यात एका जागी राहत. का, ठाऊक आहे? पावसात फिरताना ते हिरवी रोपे तुडवतात, अशी लोकांची तक्रार झाली आणि वर्षावासाचा नियम आला, असे विनयग्रंथात सांगितले आहे.

आता पायाशी पाहा. बहुतेक लेण्यांजवळ पाण्याचे टाके कोरलेले आहे. त्याला पोढी म्हणतात. कातळावर चर खोदून पावसाचे पाणी तिच्यात वळवले आहे.

हे पाहताना मला माझी चूक आठवते. नोकरीच्या सुरुवातीला किनाऱ्यावरच्या एका शेतकऱ्याला मी विहीर आणखी खोल करण्याचा सल्ला दिला. दोन उन्हाळे पाणी भरपूर आले. तिसऱ्या वर्षी खारे झाले. भाजीचा मळा जळाला. त्यांनी मला एका शब्दाने दुखवले नाही, पण त्या बांधावर जायला आजही पाय उचलत नाही. समुद्राकाठी जमिनीतले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. उपसा वाढला, की खारे वर येते.

म्हणून उपसा बेताने करा आणि पाऊस साठवा. ५० चौरस मीटरच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५,००० लिटर पाणी होते. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्या. पुढचे पन्हळीने टाकीत घ्या. उरलेले विहिरीजवळ शोषखड्डा करून दगड, खडी व वाळूच्या थरांतून मुरवा.

भिक्षूंनी छिन्नीने कातळ फोडून पाणी राखले. आपल्याला तर नुसती पन्हळ लावायची आहे. येत्या मृगाआधी लावाल ना?