पंपाला हात लावायचा नाही

अमेरिकेत राज्यं 50. त्यांतल्या 49 राज्यांत माणूस गाडीतून उतरतो, पंपावरची नळी उचलतो, टाकीत खुपसतो आणि हिवाळ्यात हात चोळत सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत उभा राहतो. उरलेल्या एका राज्यात हे करायला कायद्याने बंदी आहे. न्यू जर्सीत पेट्रोल भरायचं म्हणजे काच खाली करायची, कार्ड किंवा नोट बाहेर द्यायची, ‘रेग्युलर, फुल’ एवढं म्हणायचं आणि आत बसून राहायचं. ग्राहकाला स्वतः भरू दिलं तर दंड पंपमालकाला. पहिल्या खेपेला 50 ते 250 डॉलर, पुढे 500 पर्यंत.

कारण विचारलं तर कायद्याच्या पुस्तकात उत्तर तयार आहे: आगीचा धोका. खरं उत्तर मात्र हॅकेन्सॅक गावच्या रूट 17 वर सापडतं, आणि त्यात आगीचा फारसा संबंध नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत रेशनिंग उठलं, गाड्या धडाधड विकल्या जाऊ लागल्या आणि पेट्रोल विकणाऱ्यांत स्पर्धा लागली. 1947 मध्ये लॉस एंजेलिसला ‘स्वतः भरा, पैसे वाचवा’ अशा थाटाचे मोठे पंप सुरू झाले. तिथे रोलर स्केट्स घातलेल्या मुली पंपापंपांमधून सरकत पैसे गोळा करायच्या. तीच कल्पना अर्विंग राइनगोल्ड नावाच्या माणसाने न्यू जर्सीत आणली. त्याने रूट 17 वर एका जागी 24 पंप मांडले. आसपासचे पंपवाले गॅलनला 21.9 सेंट घेत होते, याने 18.9 चा फलक लावला. गॅलन म्हणजे पावणेचार लिटरहून जरा जास्त. तीन सेंटांसाठी लोक खाली उतरायला एका पायावर तयार होते, रांगा लागल्या.

शेजारच्या पंपवाल्यांनी आधी दांडगाईचा मार्ग धरला. राइनगोल्डने पुढे वर्तमानपत्राला सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे त्याच्या पंपावर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्याने बुलेटप्रूफ काचा बसवून घेतल्या आणि धंदा चालू ठेवला. मग ही मंडळी राज्याच्या विधिमंडळाकडे गेली. 1949 मध्ये कायदा झाला: गॅसोलीन ग्राहकाच्या गाडीत पंपावरचा माणूसच भरेल. राइनगोल्ड कोर्टात गेला. 1951 साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, कारण ज्वलनशील पदार्थ कोणी हाताळावा हे ठरवणं राज्याच्या अधिकारात येतं. गोळ्यांनी जे जमलं नव्हतं ते कलमाने जमलं.

तरी आगीची भीती अगदीच बनावट होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. जुन्या पंपांवर टाकी भरत आली की नाही हे आवाजावरून आणि नजरेने ओळखावं लागायचं. अंदाज चुकला की पेट्रोल बाहेर. आजच्या नळीचं तोंड नीट पाहिलं तर टोकाजवळ एक बारीक भोक दिसेल. पेट्रोल वाहत असताना नोझलच्या आत एका अरुंद जागेतून जातं, तिथे दाब कमी होतो, आणि त्या भोकातून एका पातळ नळीवाटे हवा आत ओढली जात राहते. टाकीतली पातळी चढून भोक बुडालं की हवा मिळेनाशी होते, आतला पडदा एकदम ओढला जातो आणि खटका सुटतो. तो ‘खट्’ आवाज म्हणजे हाच. वीज नाही, सेन्सर नाही. ऑलियन या न्यूयॉर्क राज्यातल्या गावच्या रिचर्ड कॉर्सनला ही स्वयंबंद नळी 1930च्या दशकाच्या अखेरीस सुचली. पिंपं भरणाऱ्या कामगाराची ताटकळ पाहून आणि संडासाच्या टाकीतला तरंगता गोळा आठवून ती सुचली असं सांगतात. म्हणजे न्यू जर्सीने कायदा केला तेव्हा कायद्याची गरज संपवणारं यंत्र निघालेलं होतं. ते सगळीकडे पोचायला वेळ लागला, इतकंच.

आणखी एक धोका मात्र या नळीने जात नाही, तो स्थिर विजेचा. थंड, कोरड्या हवेत माणूस नळी अडकवून गाडीत जाऊन बसतो, सीटवर कपडे घासले जातात, अंगात भार साठतो, आणि परत येऊन धातूला हात लावताच नोझलपाशी ठिणगी उडते. असे अपघात अमेरिकेत नोंदले गेले आहेत. गाडीत परत जाऊन बसू नका, एवढी सूचना पाळली की बहुतेक टळतात. मोबाइलमुळे पंप पेटल्याचा खात्रीचा दाखला मात्र नाही. आपल्याकडे ‘मोबाइल वापरू नये’ची पाटी आणि तिच्याच खाली यूपीआयचा क्यूआर कोड, हे दृश्य आता कोणाला खटकतही नाही.

बाकी देशाने वाट बदलली. 1964 मध्ये कोलोराडोतल्या वेस्टमिन्स्टरला जॉन रॉस्को या दुकानदाराने गल्ल्यामागे बसून दूरवरचे पंप चालू-बंद करता येतील असं उपकरण बसवलं. दूध-पाव विकणारा एकच नोकर आता पेट्रोलही विकू लागला. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर दोन-चार सेंट वाचवायला लोक आनंदाने उतरू लागले. राज्यांनी एकेक करत बंदी उठवली. जपानने 1998 मध्ये परवानगी दिली, पण खास आपल्या पद्धतीने: ग्राहक नळी उचलतो, आत बसलेला कर्मचारी त्याच्याकडे बघतो आणि परवानगीचं बटण दाबतो, तेव्हाच पेट्रोल सुरू होतं.

न्यू जर्सीच्या बरोबरीने बराच काळ टिकलं ते ओरेगॉन. तिथली बंदी 1951 ची. तिथल्या कायद्यात स्वतः पेट्रोल का भरू नये याची 17 कारणं लिहिलेली होती: पावसाने फरशी निसरडी होते, वृद्धांना आणि अपंगांना त्रास होतो, वाफा आरोग्याला वाईट, मुलं गाडीत एकटी राहतात. वाचताना वाटतं, मसुदा लिहिणाऱ्यांनी सुचेल ते टाकत जायचं ठरवलं होतं. 1982 मध्ये लोकांना मतदानाने विचारलं, लोकांनी बंदीच हवी म्हटलं. 2018 मध्ये तुरळक वस्तीच्या काउंट्यांना सूट मिळाली. अखेर ऑगस्ट 2023 मध्ये गव्हर्नर टीना कोटेक यांनी सही केली आणि बंदी उठली. पंपाला माणसाच्या हातची सोयही ठेवायची, एवढी अट राहिली. न्यू जर्सी एकटी पडली.

न्यू जर्सीच्या कायद्यातही कारणांची यादी आहे. तिच्यातलं एक कारण मला बाकीच्यांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं. जिथे दोन्ही सोयी असतात तिथे माणसाच्या हातून भरून घेणं बरंच महाग पडतं. मग ज्याच्या खिशात कमी त्यालाच थंडीवाऱ्यात उतरावं लागतं, आणि हा गरिबांशी भेदभाव झाला, असा त्याचा आशय. पण ही सहानुभूती ग्राहकापाशी थांबते. त्याच थंडीवाऱ्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या, ग्राहकाहून बहुधा गरीब असणाऱ्या माणसाचा त्या वाक्यात पत्ता नाही. शिवाय कायद्याच्या व्याख्येत फक्त गॅसोलीन येतं. डिझेलवाला ट्रकड्रायव्हर आपलं आपण भरतो. त्याच्या कमरेची कोणाला काळजी नाही.

इतकी वर्षं हे खपलं कसं? कारण ते महाग पडत नव्हतं. न्यू जर्सीत इंधनावरचा राज्यकर गॅलनमागे अवघा 14.5 सेंट होता, देशातल्या सर्वांत कमी करांपैकी. त्यामुळे माणसाच्या हातून भरूनही शेजारच्या न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियापेक्षा पेट्रोल स्वस्त मिळायचं, आणि सीमेपलीकडचे लोक टाक्या भरायला इकडे यायचे. मजुरी झाकून टाकणारा कर असा योग होता. नोव्हेंबर 2016 मध्ये कर 23 सेंटांनी वाढला. भाव चढले, तरी सवय सुटली नाही.

सवय म्हणण्यापेक्षा अभिमान म्हणावा. ‘जर्सी गर्ल्स डोंट पंप गॅस’ असे स्टिकर गाड्यांच्या मागे दिसतात. 2006 मध्ये गव्हर्नर जॉन कोरझाइन यांनी हमरस्त्यावरच्या पंपांवर स्वयंसेवेचा प्रयोग करून पाहू म्हटलं. लोकांनी एवढा गलका केला की विषय गुंडाळावा लागला. त्यांच्यानंतर आलेले क्रिस ख्रिस्ती बाकी बाबतींत कोणाला न जुमानणारे, पण या प्रश्नावर तेही मागे सरले. मार्च 2022 मधल्या रटगर्स-ईगलटन पाहणीत 73 टक्के लोकांना पंपवालाच हवा होता, स्वतः भरायला 22 टक्केच राजी.

हा पंपवाला बहुधा बाहेरून आलेला असतो. न्यू जर्सीच्या पंपांवर मालक म्हणून आणि कामगार म्हणूनही पंजाबी माणसं मोठ्या संख्येने आहेत. एका वेळी तो चार-सहा गाड्या सांभाळतो. एकीचं कार्ड यंत्रात घालतो, नळी अडकवून खटका लावून ठेवतो, दुसरीकडून वीस डॉलरची नोट घेतो, तिसरीची नळी सुटली म्हणून पळतो. फलकावर रोखीचा भाव वेगळा आणि कार्डाचा वेगळा. त्यावरून होणारी किरकिर तोच ऐकतो. स्वयंबंद नळी नसती तर एका माणसाला हे जमलंच नसतं. ज्या यंत्राने त्याची गरज संपवली, त्याच यंत्राच्या जिवावर तो मालकाला परवडतो.

न्यू जर्सीतल्या एडिसन, आयसेलिनच्या भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना यात काही जगावेगळं वाटत नाही. पुण्यात नाहीतर ठाण्यात आयुष्यभर पंपाला हात लावलेला नसतो, तिथेही लागत नाही. पंचाईत पेनसिल्व्हेनियाची हद्द ओलांडल्यावर होते. काच खाली करून बसलं तर कोणीच येत नाही.

वरवर सारखे दिसणारे हे दोन देशांतले पंप मला मुळात वेगळे वाटतात. जर्सीत माणूस गाडीत बसून राहतो, कारण त्याला यंत्राच्या आकड्यांवर शंका घ्यावीशी वाटत नाही. आपल्याकडे पंपवाला असूनही आपण उतरतो. ‘झिरो बघा साहेब’ असं तो स्वतःच म्हणतो. वैधमापन खात्याचा शिक्का, पाच लिटरचं प्रमाणित माप, त्यात 25 मिलिलिटरपर्यंत फरक चालतो हा नियम, ही सगळी व्यवस्था संशयाच्या पायावर उभी आहे, आणि संशय उगाच नाही. 2017 मध्ये उत्तर प्रदेशात आणि पाठोपाठ ठाणे पोलिसांनी महाराष्ट्रात पंपांवर छापे टाकले, तेव्हा यंत्राच्या पोटात फेरफार केलेल्या चिप निघाल्या. मीटरचा दांडा फिरला की पल्सर नावाचा भाग विजेचे ठोके पाठवतो आणि त्यावरून पडद्यावर लिटर मोजले जातात. चोरी त्या मोजणीतच घातलेली होती. झिरो बरोबर होता, आकडे बरोबर पळत होते, पेट्रोल कमी पडत होतं. नळी धरणाऱ्या पोराला वर्षानुवर्षं शिव्या बसल्या, आणि ही कारागिरी त्याच्या आवाक्यातलीच नव्हती.

स्वयंसेवा आपल्याकडे लवकर येईल असं मला वाटत नाही. मजुरी स्वस्त हे एक कारण झालं. दुसरं कारण दुचाकी. तिच्या उथळ टाकीत नळी नीट खोल बसत नाही, खटक्यावर भरवसा ठेवता येत नाही. पंपवाला दोन बोटांनी खटका धरून, आत डोकावत, शेवटचे काही रुपये थेंबाथेंबाने सोडतो. शंभर रुपयांचं मागितलं तर बरोबर शंभरावर थांबतो, मागची रांग हॉर्न देत असताना. हे कसब आहे, आणि रांगेतल्या प्रत्येकाकडे ते असेल यावर कोणताही मालक पैसे लावणार नाही.

न्यू जर्सीत मात्र आता मालकच कंटाळले आहेत. कोविडनंतर पंपावर उभं राहायला माणसं मिळेनात. काही ठिकाणी अर्धे पंप शंकू लावून बंद ठेवावे लागले. 2022 मध्ये स्वयंसेवेला मुभा देणारं विधेयक आलं आणि त्याच्या पाठीशी पंपमालकांची संघटना उभी राहिली. 1949 मध्ये पंपमालकांनी खटपट करून आणलेला कायदा उठवायला आता पंपमालकच धडपडत होते. सिनेटचे अध्यक्ष निकोलस स्कुटारी यांनी विरोध केला, गिऱ्हाइकांची पसंती त्यांच्या बाजूने होतीच, आणि विधेयक बारगळलं.