खारीची वहिवाट

लोणी काळभोरच्या शिवारात ज्वारीच्या राखणीसाठी माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्यांच्या नातवंडांनी आज सोलापूर रस्त्यालगतच्या सोसायट्यांत चिमण्यांसाठी दाणापात्रे टांगावीत, आणि त्यांवर खारीने डल्ला मारला म्हणून फिर्याद मांडावी, हा काळाचा मौजेचा फेरा आहे. फिर्याद खोटी नव्हे; परंतु तिच्या निवारणार्थ सुचविले जाणारे बहुतेक उपाय ऐकीव समजुतींवर उभे आहेत.

दाण्यांना तिखट चोळल्यास पाखरांचे हाल होतात, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्याचा दाह सस्तन प्राण्यांना जसा जाणवतो तसा पक्ष्यांना जाणवतच नाही. मळ्यातला पोपट हिरवी मिरची बिनदिक्कत फस्त करताना आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला, त्याचा अर्थ मात्र लावला नाही. खार त्या तिखटाने बिचकते खरी, पण वाऱ्याने उडालेली भुकटी आपल्याच डोळ्यांत जाते, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

खांबाला तेल किंवा ग्रीस फासणे हा दुसरा, दिसायला निरुपद्रवी उपाय. परंतु ते पिसांना लागले की पिसे चिकटतात आणि पाऊस व थंडी यांपासूनचे त्यांचे संरक्षण नाहीसे होते. त्यापेक्षा कोकणातल्या माडाकडे पाहावे. उंदरांपासून नारळ राखण्यासाठी बागायतदार बुंध्याला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा वेढतो, त्यावर नखे रुततच नाहीत. तोच बंदोबस्त दाणापात्राखालील खांबाला करावा. मात्र खार जशी खालून चढते तशीच बाजूने झेपही घेते, म्हणून खांब झाड, भिंत आणि कपडे वाळविण्याची तार यांपासून आठ-दहा फूट दूर हवा. आंब्याच्या फांदीला टांगलेले पात्र तिच्या पिढीजात वहिवाटीतच पडते, आणि तेथे आपला पत्रा ती जुमानीत नाही.

‘खार म्हणजे झाडावरचा उंदीर, विष घालण्यास हरकत काय?’ हा प्रश्न मात्र संतापजनक आहे. दोघे कृंतक गणातले असले तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत पाच पट्ट्यांच्या खारीचे नाव आलेले आहे. शिवाय विषाने मेलेला जीव घुबडाच्या पोटात गेला की विषही तेथे पोहोचते.

खारीपेक्षा पारवा अधिक चिवट. जितके दाणे अधिक तितके पुण्य अधिक, या समजुतीने काय होते ते 2025 साली दादरच्या कबुतरखान्याच्या वादाने सर्वांना दाखविले. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना बाधते. जड पारव्याला सपाट, रुंद जागा लागते, चिमणी-मुनिया बोटभर काडीवरही बसतात. तेव्हा पसरट ताटली टाळावी. दाणे सकाळी मूठभरच घालावेत आणि सांडलेले सायंकाळपूर्वी झाडून घ्यावेत, नाहीतर रात्री घुशींचा मुक्काम ठरलेला. कच्चा तांदूळ पाखराच्या पोटात फुगतो, ही निव्वळ अफवा. भातखाचरांतली पाखरे तो रोजच खातात.

खारीला वेगळे ताट वाढले की ती पाखरांचे सोडते, असेही सांगतात. त्यावर विसंबून मी कुंपणावर शेंगदाणे ठेवू लागलो. आठवड्याभरात एकीच्या चार खारी झाल्या.