ट्रेलरवरची बोट

गेले दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर बोटींची माहितीपत्रकं पसरलीत. यांना बोट घ्यायचीय! जीपमागे ट्रेलरवर घालून नेता येईल अशी. शनिवारी पवना धरणात, दिवाळीत घाट उतरून थेट मांडव्याला.

यांचं मन बसलंय बावीस फुटीवर. पुढे दोघांना झोपता येईल एवढी केबिन, चहापुरती शेगडी. माझी सोळा फुटी, उघडी, वर कापडी छप्पर. ‘‘हा तर टब!’’ म्हणून हसले.

हसू देत. वजन नुसत्या बोटीचं धरून चालत नाही. इंजिन, भरलेली टाकी, सामान, वर ट्रेलर. मी बेरीज केली, तर केबिनवाली आमच्या जीपच्या ओढायच्या मर्यादेबाहेर गेली. खंडाळ्याच्या उतारावर एवढा भार मागून ढकलू लागला तर? ट्रेलरला स्वतःचा ब्रेक हवाच. त्यात मे महिन्यात धरणाचं पाणी आत सरकतं, काठाला नुसता चिखल. तिथे ती पाण्यापर्यंत ढकलणार कोण?

इंजिन फोर-स्ट्रोक, यावर मात्र एकमत. जुन्या टू-स्ट्रोकचं थोडं पेट्रोल आणि ऑइल न जळता पाण्यात जातं, आणि हेच पाणी पिंपरी-चिंचवड पितं. म्हणून आधी पाटबंधारे खात्याची परवानगी, मग २०२१च्या कायद्याप्रमाणे बोटीची नोंदणी.

माझं खरं कारण मी यांना परवा सांगितलं. तीन वर्षांपूर्वी बचत गटाची बैठक आटोपून तिकोन्याकडून येताना काठावर गर्दी दिसली. सहलीला आलेला एक मुलगा बुडाला होता, दुसरा रिकाम्या कॅनला धरून तरंगत होता. बोट आली, पण उंच काठाची. ओल्या अंगाचा पोरगा वर घेताना दोनदा हात सुटला. तिसऱ्यांदा आला वर. त्याची आई संध्याकाळी पोचली, तोवर मी त्याच्याजवळ बसून होते.

माझ्या बोटीची कड पाण्यापासून जेमतेम दीड फूट. मागे शिडी. माणसाजवळ जाताना इंजिन बंद करायचं, नाहीतर पंखा लागतो. कड बुटकी म्हणजे समुद्राची लाट आत येणार, मांडवा विसरायचा, हेही मी कबूल केलं.

हे बराच वेळ बोलले नाहीत. सकाळी उठून पाहते तो प्रत्येक पत्रकावर पेन्सिलीने नवा रकाना आखलेला: ‘कडेची उंची’. आणि विक्रेत्याला फोन चालू होता, ‘‘लाइफ जॅकेटं किती देता? नाही, चार नकोत. दहा.’’