खर्जाच्या तारेस बॅटरीची जोड

वाद्यवृंदांत खर्ज सांभाळणाऱ्या वाद्याकडे श्रोत्यांचें लक्ष सहसा जात नाहीं. गाणारा दिसतो, पेटी ऐकूं येते, ढोलकी पायांस ताल धरावयास लावते; परंतु ह्या सर्वांच्या खालीं जमिनीसारखा पसरलेला जो गंभीर नाद असतो, तो बंद पडल्यावांचून त्याची आठवण कोणास होत नाहीं. पाश्चात्त्य पद्धतीच्या वाद्यवृंदांत हें काम हल्लीं बहुधा बेस गिटारकडे असतें. आमच्या शाळेच्या वाद्यवृंदांतही चार तारांची अशी एक गिटार आहे. तिच्या पोटांत गतवर्षीं आम्हीं ‘प्रीॲम्प’ नांवाचें एक छोटेंसें विजेचें साधन बसविलें. तें कां बसविलें, त्यानें काय साधलें व काय साधलें नाहीं, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे.

ही गिटार नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याची. त्याच्या वडिलांनीं ती जुनी म्हणून स्वस्तांत घेतलेली होती. तालमीच्या खोलींत तिचा आवाज बरा येई. परंतु सभागृहांत तीच गिटार गोधडींत गुंडाळल्यासारखी वाजे. स्वर कोणता लागला हेंही कळेना. मुलगा हिरमुसला. आपल्याच बोटांत कांहीं कमी आहे, असें त्यानें मनाशीं ठरवून टाकलें व वादन सोडण्याच्या गोष्टी तो करूं लागला. एके दिवशीं वडील भेटावयास आले व म्हणाले, “सर, मुलाच्या बोटांत जोर नाहीं, कीं वाद्यच टाकाऊ आहे? नवें घ्यावयाचें तर मला दोन वर्षें पैसे साठवावे लागतील.” तेव्हां दोष नक्की कोणाचा, हें शोधून काढणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

दोष शोधण्यापूर्वीं वाद्याची रचना समजली पाहिजे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील लिओ फेंडर ह्यांनीं १९५१ सालीं ‘प्रिसिजन बेस’ ही गिटार बाजारांत आणली. तोंपर्यंत खर्जासाठीं माणसाएवढें उंच असें डबल बेस हें वाद्य उभें धरून वाजवावें लागे. फेंडर ह्यांच्या गिटारीस सतारीप्रमाणें पडदे होते. त्यामुळें स्वर नेमका लागे, व तिचें ‘प्रिसिजन’ म्हणजे ‘अचूकपणा’ हें नांव त्यावरूनच पडलें. पुढें १९६० सालीं त्यांनीं ‘जॅझ बेस’ काढली. आमच्या विद्यार्थ्याची गिटार ह्याच घडणीची आहे. तिच्या तारेची लांबी ३४ इंच असते, व सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ वेळां कंप पावते.

ह्या गिटारीचें लांकूड भरीव असतें. तंबोऱ्यासारखा भोपळा तिला नाहीं. मग आवाज येतो कोठून? तारांखालीं ‘पिकअप’ नांवाच्या दोन पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टींत लहान लहान लोहचुंबक असून त्यांच्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे दिलेले असतात. पोलादी तार चुंबकापुढें थरथरली, कीं चुंबकाचें क्षेत्र हालतें व वेढ्यांत वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे ह्यांनीं १८३१ सालीं दाखवून दिलेला, व आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी परीक्षेसाठीं पाठ करितात तो, हाच नियम. ही वीज अत्यंत दुर्बळ असते. ती केबलमधून ॲम्प्लिफायरकडे जाते. तेथें ती बलवान होते व कर्ण्यास हालविते.

आतां तंबोऱ्याचा विचार करा. षड्जाची तार छेडली असतां जाणकारास तींत गंधारही ऐकूं येतो. तो कोणी वाजविलेला नसतो. प्रत्येक तारेच्या मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पांचपट कंपांचे उपस्वरही निघत असतात, व जवारी चांगली असली म्हणजे ते खुलून येतात. बेस गिटारचीही गोष्ट अशीच आहे. मूळ स्वर ४१ कंपांचा असला तरी त्याची ओळख, त्याची धार, बोट तारेवरून सुटल्याचा स्पष्टपणा हीं सर्व वरच्या उपस्वरांत असतात. ते हरवले, म्हणजे केवळ घुमणारा गोळा शिल्लक राहतो. आमच्या सभागृहांत नेमकें हेंच होत होतें.

उपस्वर हरवत होते कोठें? आम्हीं एक साधा प्रयोग केला. प्रथम तारा बदलल्या. जुन्या, घामानें मळलेल्या तारांनीं कांहीं भाग खाल्लाच होता. नंतर ॲम्प्लिफायर गिटारीजवळ आणून एक मीटर लांबीची केबल जोडली. आवाज उजळला. मग सभागृहांतील पंधरा मीटरांची केबल जोडली. आवाज पुन्हां गोधडींत शिरला. मुलगा तोच, बोटें तींच, गिटार तीच. बदलली होती ती केवळ केबल. तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. परंतु दोन्ही केबली आलटून पालटून त्यानें स्वतः पांच-सहा वेळां लावून पाहिल्या.

ह्याचें कारण असें. केबलमध्यें मधोमध एक तार व तिच्याभोंवतीं धातूची जाळी असते. त्या दोहोंमध्यें विजेचा थोडासा सांठा होतो. दर मीटरास तो सुमारे १०० पिकोफॅरड असतो, म्हणजे अगदीं क्षुल्लक. पण पंधरा मीटरांस पंधरापट होतो. पिकअपच्या हजारों वेढ्यांतून येणाऱ्या विजेच्या मार्गांत विरोध फार असतो. हा सांठा प्रत्येक कंपास भरावयाचा व रिकामा करावयाचा, हें तिला झेपत नाहीं. मंद कंपांस वेळ पुरतो. शीघ्र कंप वाटेंतच विरतात. आवाजाची कळ अर्धवट फिरवून ठेविली तर हा विरोध आणखी वाढतो व नुकसानही वाढतें. शेतकऱ्याच्या मुलास हें चटकन समजेल. विहिरीची धार बारीक व मातीचा पाट लांब असला, तर पाणी शेवटच्या वाफ्यास पोंचत नाहीं.

प्रीॲम्प म्हणजे विहिरीपाशींच बांधलेला हौद होय. ‘प्री’ म्हणजे आधींचा. मोठ्या ॲम्प्लिफायरच्या आधीं, वाद्याच्या पोटांतच काम करणारा हा लहान ॲम्प्लिफायर. पिकअपची दुर्बळ वीज तो जवळजवळ न ओढतां केवळ तिचा कल पाहतो, आणि बॅटरीच्या शक्तीनें तिची हुबेहूब प्रत केबलमध्यें सोडतो. ह्या प्रतीच्या मार्गांत विरोध फार थोडा असल्यामुळें केबलचा सांठा तिला जाणवत नाहीं. ह्याचें मुख्य काम आवाज मोठा करणें हें नव्हे, तर तो जसा निघाला तसा पोंचविणें हें आहे.

दुसरें काम रंग बदलण्याचें. साध्या गिटारींत एकच ‘टोन’ची कळ असते, व ती वरचे स्वर केवळ कमी करूं शकते, नसलेलें वाढविणें तिच्या हातीं नाहीं. प्रीॲम्पमध्यें खालचे व वरचे स्वर वाढविण्याच्या व कमी करण्याच्या वेगळ्या कळा असतात. मात्र येथें एक हिशेब ध्यानांत ठेवावा. खर्जाची कळ १२ डेसिबलनें वाढविली, म्हणजे ॲम्प्लिफायरकडे त्या स्वरांसाठीं सोळापट शक्ति मागितली. तो ती देऊं शकला नाहीं, तर आवाज भरदार न होतां फाटतो, व कर्ण्यासही इजा होते. म्हणून वाढविण्यापेक्षां नको तें थोडें कमी करणें हें पुष्कळदां अधिक शहाणपणाचें ठरतें.

ही कल्पना नवी नाहीं. कॅलिफोर्नियांतीलच ॲलेम्बिक ह्या कारखान्यानें १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत अशा गिटारी हातानें घडविल्या. १९७६ सालीं म्युझिक मॅन कंपनीची ‘स्टिंगरे’ आली; लिओ फेंडर तेव्हां ह्याच कंपनींत काम पाहत. तिच्या पोटांत प्रीॲम्प व नऊ व्होल्टांची बॅटरी कारखान्यांतूनच बसविलेली होती. तयार जुन्या गिटारींत प्रीॲम्प घालण्याचें काम न्यूयॉर्कचे कारागीर रॉजर सॅडोव्स्की ह्यांनीं नांवारूपास आणलें. प्रसिद्ध वादक मार्कस मिलर ह्यांच्या १९७७ सालच्या जॅझ बेसमध्यें त्यांनीं असाच फेरफार केला होता.

आमचें काम अर्थातच त्यांच्यासारखें सफाईचें नव्हतें. पण रीत तीच. प्रथम तारा सैल केल्या व कळांची पत्र्याची पट्टी उघडली. स्क्रू वाटींत ठेविले. एकही जोड तोडण्यापूर्वीं कोणती तार कोठें जाते ह्याचा नकाशा विद्यार्थ्याकडून वहींत काढविला. ह्या नकाशानें पुढें दोन वेळां आमची लाज राखली. नंतर बॅटरीची जागा मोजली. नऊ व्होल्टांची बॅटरी सुमारे ४८ मिलिमीटर लांब, २६ रुंद व १७ जाड असते. ती पट्टीखालच्या पोकळींत जेमतेम मावली. न मावती, तर सुताराकडून पाठीमागें खोबण पाडावी लागली असती. पट्टीस भोंकें तीनच. म्हणून एकीस एकूण आवाज, दुसरीस दोन पिकअपांचें मिश्रण, व तिसरीस एकावर एक बसणारी खर्ज व तारस्वर ह्यांची दुहेरी कळ, अशी वांटणी केली. मग जुने जोड सोडवून नवीन जोडांस डाख दिला. घोडीपासून येणारी भूमीची तार विसरूं नये. ती सुटली, तर गिटार भुंग्यासारखी गुणगुणते. काढलेले जुने भाग पाकिटांत घालून, वर नांव लिहून, वडिलांच्या स्वाधीन केले. कारण उद्यां हवी तर गिटार पूर्ववत् करतां आली पाहिजे.

विद्यार्थ्यांस येथें एक ताकीद. बॅटरी नऊ व्होल्टांची असल्यानें गिटारींत विजेचें भय नाहीं. परंतु डाख देण्याची सळई भाजते व तिचा धूर वाईट असतो. हें काम वडील माणसांच्या देखत करावें. भिंतीच्या विजेवर चालणारा मोठा ॲम्प्लिफायर मात्र कधींही उघडूं नये.

आतां आमची चूक सांगतों. अशा गिटारीस बॅटरी चालू-बंद करण्याचें वेगळें बटण नसतें. प्लग जॅकमध्यें घातला, कीं बॅटरी जोडली जाते. काढला, कीं सुटते. प्रीॲम्प सुमारे एक मिलिअँपियर वीज घेतो, व बॅटरींत साधारण ५०० मिलिअँपियर-तास सांठा असतो. म्हणजे वादनाचे पांचशें तास. परंतु प्लग आंतच राहिला, तर अहोरात्र मिळून केवळ तीन आठवडे. आम्हीं दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं गिटार कपाटांत ठेविली ती प्लगसकट. सुट्टीनंतरच्या पहिल्याच तालमीस आवाज प्रथम घोगरा झाला, मग चिरका, आणि गाण्याच्या मध्यावर तो पार बंद पडला. बॅटरी संपली असतां तिला वगळून जुन्या रीतीनें वाजवितां यावें, ह्यासाठीं एक लहान बटण मिळतें. थोडका खर्च वांचविण्यासाठीं तें आम्हींच गाळलें होतें. मुलगा सर्वांसमोर खालमानेनें उभा राहिला; आणि दोष पुन्हां त्याचा नव्हता, आमचा होता. तें बटण त्याच आठवड्यांत बसविलें. तेव्हांपासून त्या मुलाच्या खिशांत एक बॅटरी जास्तीची असते.

पालकांनीं ह्यावरून लागलीच खर्चास प्रवृत्त व्हावें, असें आमचें म्हणणें नाहीं. आधीं नव्या तारा घालाव्या, घोडीची उंची नीट करावी व आंखूड केबल वापरून पाहावी. अर्धें दुखणें तेथेंच बरें होतें. घरांत लहान ॲम्प्लिफायरवर वाजविणाऱ्यास त्यावरील कळा पुरेशा आहेत. वाद्य न उघडतां पायापाशीं ठेवावयाचा प्रीॲम्पही मिळतो, व तो एका गिटारीवरून दुसरीस लावतां येतो. ज्यास मोठ्या जागेंत लांब केबलीनें वाजवावयाचें आहे, व दोन गाण्यांमध्यें हाताखालींच रंग बदलावयाचा आहे, त्यासच पोटांतला प्रीॲम्प खरा उपयोगी.

आणि ह्या साधनास न साधणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. स्नेहसंमेलनांत गिटार स्पष्ट वाजली. शेवटच्या बांकावरूनही स्वर ओळखूं येत होता. परंतु आवाज स्वच्छ होतांच त्या मुलाच्या बोटांचे खरे दोषही ऐकूं येऊं लागले. पहिल्या बोटाचा आघात जड, दुसऱ्याचा हलका. जलद लयींत तार पुरती न दाबल्यामुळें होणारी खरखर. पूर्वीं हें सर्व गोधडींत झांकलेलें होतें. आम्हांस वाटलें, हा पुन्हां हिरमुसेल. तसें झालें नाहीं. जो दोष आपला नाहीं तो कोणी आपल्या माथ्यावरून उतरविला, म्हणजे जो आपला आहे तो पत्करण्यास माणसास बळ येतें, असें दिसतें. हल्लीं तो रोज सायंकाळीं अर्धा तास, ॲम्प्लिफायर न लावतां, दोन बोटांचा आघात सारखा करण्याचा सराव करीत असतो. सराव संपला म्हणजे गिटार कपाटांत ठेवतो; आणि कपाट लावण्यापूर्वीं जॅककडे एकवार पाहून घेतो.