थायरॉइडचा उलटा आकडा

माझ्या धाकट्या बहिणीने मध्यंतरी एक घोटाळा केला. रक्ततपासणीचा कागद आला, टी. एस. एच. १२, पुढे 'जास्त' अशी खूण. "थायरॉइड वाढलंय, मग गोळी कशाला?" म्हणून तिने चालू गोळी परस्पर बंद केली. दोन महिन्यांत अंग जड झाले, आवाज घोगरा झाला, आणि भर वैशाखात बाईंच्या अंगावर शाल! वास्तविक तिला गोळी कमी पडत होती.

हा घोटाळा आपलाही होईल, कारण हा आकडा उलटा वाचायचा असतो. गळ्यात, श्वासनळीला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. आयोडीन घेऊन ती थायरॉक्सिन तयार करते, आणि शरीराची शेगडी किती फुलवायची हे त्यावर ठरते. पण टी. एस. एच. हे थायरॉइडचे नव्हेच! ते येते मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतून. थायरॉक्सिन कमी पडले की ही ग्रंथी थायरॉइडला हाका मारू लागते. स्वयंपाकघरातून "ऊठ रे" ही हाक चढत गेली, की पोरगा अजून अंथरुणातच आहे हे आपण ओळखतो ना? तसेच हे. उलट पोरगा आधीच उठून धिंगाणा घालत असेल, तर हाक कशाला? म्हणून थायरॉइड अतिरेक करू लागली, छाती धडधडू लागली, हात कापू लागले, की टी. एस. एच. शून्याजवळ येते. क्वचित हाक मारणारी पीयूषिकाच आजारी असते. तेव्हा थायरॉक्सिनही मोजावे लागते.

रक्तातली ही मात्रा अतिसूक्ष्म. १९६० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये यॅलो आणि बर्सन यांनी इन्सुलिन मोजण्याची नवी रीत काढली. तीच पुढे इतर संप्रेरकांना लागू झाली. यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रौढांत सामान्यतः ०.४ ते ४ हा आकडा ठीक मानतात. गरोदरपणी हिशेब वेगळा.

गोळीची मात्रा बदलली की आठवड्यातच रक्त देऊ नका. थायरॉक्सिन निम्मे व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात. सहा आठवडे तरी थांबावे. गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा तास घ्यावी. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते डॉक्टरांना अगोदर सांगा बरे का, त्याने काही तपासण्यांचे आकडे चुकतात. आमच्या बहिणीच्या पिशवीत तीही बाटली निघाली!