हायब्रिड गाडीला मोठी चाकं बसवताय? आधी मायलेजचा आणि खड्ड्यांचा हिशोब करा

ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरसारखी हायब्रिड गाडी दारात आली की काही महिन्यांत घरातल्या कुणाच्या तरी मनात येतंच, गाडी छान आहे, पण चाकं लहान वाटतात. १७ इंचाऐवजी १८ किंवा १९ इंचाचे अलॉय टाकले तर? राळेगावचा माणूस मग यवतमाळ किंवा नागपूरच्या दुकानात जातो. तिथे भिंतीवर रिम टांगलेले असतात, दुकानदार मोबाइलवर फोटो दाखवतो आणि म्हणतो, "साहेब, डायरेक्ट फिट." बहुतेक वेळा ते फिट होतातही. पण ज्या मायलेजसाठी हायब्रिडला जास्त पैसे मोजले, त्यातलं किती मायलेज ही चाकं खाणार? आणि आपल्या तालुक्यातल्या रस्त्यांवर ती किती दिवस धड राहणार? दुकानात या दोन गोष्टींवर सहसा बोलणं होत नाही.

टायरवरचा आकडा काय सांगतो?

या दोन्ही गाड्यांच्या स्ट्राँग हायब्रिड मॉडेलला कंपनीकडून २१५/६० आर १७ मापाचे टायर येतात. २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिमी. १७ हा रिमचा व्यास, इंचात. रिम आणि खाली-वर दोन्हीकडची भिंत धरून पूर्ण चाकाचा व्यास साधारण ६९० मिमी भरतो.

'मोठं चाक' म्हणताना आपण खरं तर फक्त रिम मोठा करत असतो. चाकाच्या कमानीतली जागा तेवढीच असते आणि स्पीडोमीटरचा हिशोबही जुन्या व्यासावरच बांधलेला असतो. त्यामुळे रिम वाढला की रबराची भिंत कमी करावी लागते. २१५/५५ आर १८ घेतला तर पूर्ण व्यास ६९४ मिमी, म्हणजे फरक जेमतेम अर्धा टक्का. पण भिंत १२९ वरून ११८ मिमीवर येते. १९ इंचावर जाऊन २२५/४५ घेतला तर व्यास ६८५ मिमी, भिंत फक्त १०१ मिमी. दिसायला चाक भरगच्च दिसतं, कारण धातू जास्त दिसतो. रबर मात्र कमी झालेलं असतं.

२१५/६० हेच माप ठेवून फक्त रिम १८ चा केला तर व्यास ७१५ मिमी होतो, म्हणजे जवळपास पावणेचार टक्के जास्त. मग चाक पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. मीटर १०० दाखवत असताना गाडी आधीपेक्षा चार-एक किमीने जास्त वेगात असते. मूळ व्यासापासून दोन-तीन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये, असा साधा नियम धरा.

मायलेज कुठे जातं?

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण टोयोटाच्याच प्रियसचं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत आलेल्या नव्या प्रियसमध्ये इंजिन, मोटार, बॅटरी तीच, पण दोन प्रकारची चाकं होती. १९५/६० आर १७ असलेल्या साध्या मॉडेलचं सरकारी प्रमाणित मायलेज गॅलनला ५७ मैल, म्हणजे लीटरला सुमारे २४.२ किमी. १९५/५० आर १९ असलेल्या महागड्या मॉडेलचं ५२ मैल, म्हणजे २२.१ किमी. टायरची रुंदी दोन्हीकडे सारखीच. महागड्या मॉडेलवर इतर सामानाचं थोडं वजनही आहे, त्यामुळे सगळा दोष चाकांवर टाकता येणार नाही. तरी जवळपास नऊ टक्क्यांच्या या फरकात चाकांचा वाटा मोठा आहे. आणि हे कंपनीने स्वतः आखलेलं, मोजूनमापून केलेलं काम आहे. बाजारातला जड रिम आणि मिळेल तो टायर बसवल्यावर याहून बरं काही होईल, अशी आशा ठेवू नये.

कारण समजायला हायब्रिड काम कशी करते ते थोडं पाहू. या गाडीच्या बॅटरीत एक युनिट वीजसुद्धा मावत नाही. तिची कमाल साठवणुकीत नसून उलाढालीत आहे. ब्रेक दाबला की मोटारच जनरेटर होते आणि वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत टाकते. पुढे गाडी हळू चालताना ती खर्च होते आणि इंजिन बंद राहतं. हे चक्र दिवसभर चालतं. गाडी जितकी सहज घरंगळेल, तितका वेळ इंजिन बंद राहील.

मोठ्या चाकाने इथेच अडतं. कंपनी हायब्रिडला सहसा कमी घर्षणाचे टायर देते. बाजारातले रुंद, स्पोर्टी टायर रस्त्याला जास्त चिकटतात. पकड वाढते, पण गाडी ओढायला जास्त जोर लागतो. रिम मोठा झाला की वजन चाकाच्या मध्यापासून दूर, कडेकडे सरकतं आणि ते फिरवायला जास्त ताकद लागते. ब्रेक लावल्यावर त्यातली काही ताकद परत मिळते, सगळी नाही. महामार्गावर वारा आडवा येतो तो वेगळाच. प्रियसच्या १७ इंची अलॉयवर कंपनी प्लास्टिकची टोपी बसवते, ती याच वाऱ्यासाठी. उघड्या, रुंद पात्यांचे जे रिम आपल्याला देखणे वाटतात, ते हवा घुसळत जातात.

रुपयांत मांडू. गाडी वर्षाला १५,००० किमी चालते, प्रत्यक्षात लीटरला २२ किमी देते आणि मोठ्या चाकांमुळे ते आठ टक्क्यांनी घटलं असं धरा. वर्षाला सुमारे ५९ लीटर पेट्रोल जास्त लागेल. १०५ रुपये भावाने ६,२०० रुपये. घट निम्मीच झाली तरी तीन हजारांच्या आसपास. पाच वर्षांत ही रक्कम टायरच्या नव्या संचाकडे सरकते.

गाडीच्या पडद्यावरचं मायलेज मात्र चाकं बदलल्यावर जपून वाचा. पूर्ण व्यास वाढला असेल तर मीटर प्रत्यक्षापेक्षा कमी किलोमीटर मोजतं आणि मायलेज आहे त्याहून वाईट दिसतं. व्यास कमी झाला असेल तर उलट. खरा आकडा हवा असेल तर टाकी फुल करून, महामार्गावरचे किलोमीटरचे दगड मोजून हिशोब करा.

काळ्या मातीतला रस्ता

पेट्रोलचं नुकसान एक वेळ सोसता येईल. टायरची भिंत कमी होणं हा मला राळेगावच्या बाबतीत जास्त गंभीर मुद्दा वाटतो.

इथली जमीन कापसाची, काळी. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दरवर्षी थोडा वर-खाली होतो. मग डांबराला लाटा येतात, कडा तुटतात आणि मोरीच्या तोंडाशी खाच पडते. कापसाच्या हंगामात रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते, काहींना मागे दिवासुद्धा नसतो. समोरून ट्रक आला की आपण गाडी साइडपट्टीवर उतरवतो आणि परत चढताना डांबराची तुटलेली कड थेट टायरच्या बाजूवर बसते.

१२९ मिमीची भिंत अशा वेळी दबते आणि धक्का पचवते. १०१ मिमीच्या भिंतीला दबायला जागाच कमी असते. रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये रबर चिमटलं की आतले दोरे तुटतात आणि टायरला बाजूने फुगा येतो. पंक्चरवाला फुग्याला चिकटी लावू शकत नाही. तो टायर बदलावाच लागतो. तशीच गाडी ४५ अंशांच्या उन्हात महामार्ग ४४ वर शंभरच्या वेगाने पळवली तर टायर फुटण्याचा धोका खरा आहे. रिमला पीळ पडला तर स्टिअरिंग थरथरतं, आणि टायर वाचला तर तोच धक्का पुढे शॉकअप आणि बेअरिंगकडे जातो.

शेतापर्यंत पांदण रस्त्याने गाडी नेणाऱ्याने तर १९ इंचाचा विचारच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तसंच रिम मोठा केल्याने गाडी जमिनीपासून उंच होत नाही. त्यासाठी पूर्ण व्यास वाढावा लागतो, आणि तो आपण मुद्दाम तेवढाच ठेवतो आहोत.

तरी घ्यायचीच असतील तर

एक इंचावर थांबा. दुकानात पहिली चौकशी रिमच्या वजनाची करा. कंपनीचा जुना रिम आणि नवा रिम दोन्ही टायरशिवाय काट्यावर ठेवायला सांगा. नवा दोन-तीन किलोने जड निघाला तर चार चाकांचे आठ-बारा किलो वाढले. दुकानदार वजन करायला टाळाटाळ करत असेल तर दुसरं दुकान बघा.

मग बोल्टचं वर्तुळ. '५ बाय ११४.३' म्हणजे ११४.३ मिमी व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट. हे तंतोतंत जुळलं पाहिजे. छिद्र कातून किंवा मध्ये स्पेसर घालून जुळवलेलं नको. रिमच्या मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये कडी बसवून घ्या, नाहीतर चाक बरोबर मध्यावर बसत नाही. ऑफसेट म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते. तो मूळच्या जवळ ठेवा. चाक बाहेर आलं की बेअरिंगवर भार वाढतो आणि चिखल थेट दारांवर उडतो.

टायरच्या मापापुढे ९६एच असं काही लिहिलेलं असतं. ९६ म्हणजे एका टायरची ताकद ७१० किलो, एच म्हणजे २१० किमीपर्यंतचा वेग. नव्या टायरचे हे दोन्ही आकडे मूळ टायरपेक्षा कमी असू नयेत. कमी भिंतीच्या टायरमध्ये हा आकडा ९१-९२ पर्यंत उतरलेला सापडतो. ९१ म्हणजे ६१५ किलो. पाच माणसं, डिकीत सामान आणि उन्हाळा असा हिशोब केला की हा फरक लहान नाही. अलॉयवर जेडब्ल्यूएल हा जपानी मानकाचा शिक्का आणि भारक्षमता कोरलेली आहे का, तेही पाहा. हवेचा दाब माप बदलल्यावर वेगळा लागू शकतो. दारावरच्या जुन्या तक्त्यावर डोळे मिटून विसंबू नका.

कायद्याचंही पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून सर्वांत निर्धोक वाट म्हणजे कंपनीने त्याच गाडीच्या एखाद्या मॉडेलला दिलेलं माप. उदाहरणार्थ, इनोव्हा हायक्रॉसच्या व्हीएक्स हायब्रिडला १६ इंची आणि झेडएक्सला २२५/५० आर १८ चाकं येतात. व्हीएक्सवाल्याला १८ हवी असतील तर माप तयार आहे. विमा कंपनीला नवी चाकं लेखी कळवा. न कळवलेल्या अलॉयची भरपाई मिळणं अवघड, आणि अपघातानंतर त्याच मुद्द्यावर दावा अडूही शकतो.

एक वाट दुकानदार सहसा सुचवत नाही. १७ इंचच ठेवायचे, पण वजनाला हलके आणि वेगळ्या नक्षीचे अलॉय घ्यायचे, आणि टायर कंपनीचेच वापरायचे. रूप बदलतं, भिंत १२९ मिमीच राहते, स्टेपनीही जुळते. कोणतेही अलॉय बसवले तरी पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या, आणि जुने रिम लगेच विकू नका. गाडी विकताना मूळ चाकं मागणारा गिऱ्हाईक हमखास भेटतो.