‘चमकणें’ आणि त्याचे सोबती

विद्यार्थ्यांच्या निबंधांत चांदण्या चमकतात, तलवार चमकते, घांसलेलें भांडें चमकतें आणि देवघरांतली समईही चमकते. व्याकरणदृष्ट्या यांत कांहीं चूक नाहीं. परंतु आपल्या भाषेनें उजेडाच्या निरनिराळ्या चालींना जीं निरनिराळीं क्रियापदें दिलीं, तीं अशानें वापरावांचून पडून राहतात, याचें आम्हांस वाईट वाटतें.

आमच्या मतें ‘चमकणें’ याचा गाभा उजेड हा नसून एकाएकींपणा हा आहे. वीज चमकते, म्हणजे क्षणांत दिसते व क्षणांत नाहींशी होते. पण हांक ऐकून मनुष्यही चमकतो. घोडा सावलीला चमकतो. ओझें उचलतांना पाठींत चमक निघते. येथें उजेडाचा लवलेशही नाहीं. प्राकृतांत ‘चमक्कइ’ म्हणजे आश्चर्य पावणें. आणि संस्कृतांतील ‘चमत्कार’ हा शब्द याच कुळांतला असून साहित्यशास्त्रांत त्याचा अर्थ विस्मययुक्त आनंद असा होतो. तेव्हां दचकण्याचा अर्थ हा या क्रियापदास मागाहून जडलेला अलंकार आहे, असें कोणीं समजूं नये.

तारा मात्र लुकलुकतो. डोळ्यांची उघडझाप व्हावी तसा तो दिसतो, याचें कारण ताऱ्यांत नसून आपल्या डोक्यावरच्या हवेंत आहे. तारा अतिदूर असल्यामुळें केवळ बिंदुवत् दिसतो, व त्याचा किरण हवेच्या हलत्या थरांतून येतांना सारखा किंचित् वळत राहतो. ग्रह जवळचे, त्यांचें लहानसें बिंब असतें, व बिंबाच्या निरनिराळ्या भागांचे किरण एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणून ग्रहाचा प्रकाश बहुधा स्थिर दिसतो. ‘शुक्र लुकलुकत होता’ असें लिहिणारानें, शुक्र पश्चिमेस असेल अशा एखाद्या संध्याकाळीं अंगणांत उभें राहून पाहावें.

तळपणें हें सूर्याचें आणि उपसलेल्या तलवारीचें. त्यांत तेजाबरोबर धाकही आहे. झगमगणें पुष्कळ दिव्यांचें. मिणमिणणें हें तेल सरत आलेल्या दिव्याचें. घरोघर वीज आल्यापासून या बिचाऱ्या क्रियापदास काम कमी उरलें आहे.

झळकणें म्हणजे दुरून नजरेंत भरणें. किल्ल्यावर निशाण झळकतें, यादींत नांव झळकतें. ‘मुलगा परीक्षेंत चमकला’ हें वाक्य पालकांस फार प्रिय असतें, व तें रूढही आहे. पण वर्षभर नेटानें अभ्यास करणाऱ्याला विजेचें क्रियापद लावणें आम्हांस थोडें अन्यायाचें वाटतें.

राहिलें चकाकणें. गुळगुळीत पृष्ठभागावरून परतणारा, म्हणजे उसना, उजेड या शब्दांत आहे. ‘चकाकतें तें सारें सोनें नव्हे’ ही म्हण इंग्रजीवरून आपल्याकडे रुळली. परंतु ज्या कोणीं ती मराठींत आणिली, त्यानें क्रियापद नेमकें निवडलें. पितळही घांसलें असतां चकाकतें.